करजगी सरांची बारव

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांना मिळून एकच नळ होता. नळ आमच्या, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या, बाजूला होता, पण पाइप त्यांच्या भिंतीतून येतो म्हणून नळ आपलाच, असा करजगी सरांचा दावा होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हात धुवायला गेले, तर मागून आवाज आला, "ओ बाई, भाजीपाला धुवायचा तर मंडईत जावा." वळून बघितलं तर बुटका, रुंद बांध्याचा माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, ढगळ पांढरा बुशशर्ट आणि कुणीतरी नुकताच पायावर पाय दिल्यासारखा चेहरा. हे प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख आहेत, असं मला नंतर शिपायानं सांगितलं. तो चेहरा मी पुढं बरीच वर्षं पाहिला. पायावरचा पाय काही कधी उचलला गेला नाही.

आधीच सांगून टाकते, मला करजगी सर आवडत नव्हते. ते गेल्याची बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये एकाएकी सगळ्यांना गहिवर दाटून आला. कडक होते पण मनानं निर्मळ होते, फणसासारखे होते, वगैरे. मी चहा संपवला आणि उठून आले. फणस सोलल्यावर आत गरे तरी निघतात. या माणसाला सोलायला जो गेला, त्याचे हातच चिकट झाले.

माणसांना नावं ठेवायची त्यांना भारी हौस. प्राचार्यांना ते 'सही' म्हणत, कारण त्या गृहस्थाला दुसरं काही येत नाही असं त्यांचं मत होतं. मी 'भाजीपाला'. त्यांच्या हाताखाली येमूल नावाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. पद्मशाली घरातला, वडील मागावर काम करायचे, घरात तेलुगू बोलायचे. मुलगा बी.एस्सी. झाला म्हणून सगळ्या आळीनं पेढे खाल्ले होते. मागावरचा धोटा इकडून तिकडं पळतो तसा सर त्याला दिवसभर पळवायचे आणि भर वर्गात, मुलांसमोर "ए धोट्या" म्हणून हाक मारायचे. येमूल हसायचा. त्याचं ते हसणं पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वर्गात कुणी प्रश्न विचारला की सरांचं एकच उत्तर असे, "समजणार न्हाय तुमाला." फारच राग आला की कानडीतून, "सुम्मने कूडरी," म्हणजे गप्प बसा. ते मूळचे दुधनीकडचे. बायकोमुलं तिकडं शेतावर, हे इकडं भवानी पेठेत मागांच्या शेडवरच्या एका खोलीत. शनिवारी गाडीनं गावी जायचे, सोमवारी जास्तच चिडून परत यायचे. एकदा एका हुशार मुलीनं विचारलं, "सर, बेडूक उन्हाळ्यात कुठं जातो?" किती सरळ प्रश्न! सर म्हणाले, "तुझं लगीन कवा हाय ते सांग, मग मी बेडकाचं सांगतो." ती मुलगी पुढच्या वर्षी आमच्याकडं आली. वनस्पतिशास्त्राचा पट त्या माणसानं फार वाढवला, एवढं मात्र मान्य करायला हवं.

भवानी पेठेच्या मागच्या अंगाला एक जुनी बारव होती. चारी बाजूंनी दगडी भिंती, एका अंगानं पायऱ्या, वर उंबराचं एक वाकडं झाड. सोलापूरच्या रखरखाटात ती एवढी एकच जागा ओली राहायची. दगडांच्या फटींतून हंसराज उगवायचा. काळ्या देठाचं हे नाजूक नेचं आमच्याकडं दुसरीकडं कुठं मिळत नसे. मी मुलांना घेऊन तिथं गेले. एका मुलानं एक रोप मुळासकट उपटलं मात्र, वरून आरोळी आली, "हात काढा! हात काढा म्हनतो की!" करजगी सर छत्री उगारून पायऱ्या उतरत होते. त्यांनी पोराच्या हातातलं रोप हिसकावलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून परत फटीत कोंबलं.

"दगडाची ओल जाती," ते म्हणाले.

"पण ती ओल लागते कुणाला?" मी विचारलं.

"समजणार न्हाय तुमाला."

मी प्राचार्यांकडं तक्रार केली. प्राचार्य म्हणाले, "जाऊ द्या हो, त्यांचे बेडूक असतात तिथं." कॉलेजात हे सगळ्यांनाच माहीत होतं. सर त्या बारवेतल्या बेडकांवर नागासारखे बसून असतात. पोरं दगड मारायला आली की धावून जातात, येमूललाही आळीपाळीनं पहाऱ्याला बसवतात. कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारून घेणार काय, अपमानच ना!

माझा स्वभाव हट्टी. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मी एकटीच बारवेवर गेले. सर खालच्या पायरीवर उकिडवे बसले होते. मला पाहून त्यांनी हाकललं नाही, कारण भुरभुर पाऊस पडत होता आणि चष्म्यावर पाणी येत होतं. "छत्री धरा," ते म्हणाले. "आन तोंड बंद ठेवा."

त्यांनी बोटानं दाखवलं तेव्हा कुठं मला दिसलं. उभ्या भिंतीला, पाण्याच्या वर हातभर, जुन्या चुन्याच्या रंगाचा एक बेडूक चिकटून बसला होता. दगडाचाच पोपडा वाटावा असा. त्याच्या बोटांच्या टोकांना गोल गाद्या होत्या. शेजारी भिंतीवर पांढऱ्या फेसाचा गोळा होता, आणि तो मला साबणाचा वाटला होता. मी तसं बोलूनही गेले.

"साबण!" सर थुंकल्यासारखं म्हणाले. "अंडी हायत ती. मादी मागच्या पायानं घुसळून घुसळून फेस करती, त्यात अंडी घालती. वरनं फेस वाळतो, आत ओल राहती. पिल्लू तयार झालं की फेस इरघळतो आन ते टपकन खाली पान्यात. खाली पानी नसलं तर दगडावर पडून मरनार. भिताड पायजे, भिताडात फट पायजे, फटीत ओल पायजे, आन खाली उभं पानी. एवढं सगळं एका जागी सोलापुरात कुटं हाय, सांगा की."

"पण हा बेडूक दुर्मीळ थोडाच आहे?" मी म्हटलं. "पुस्तकात तर सर्वत्र आढळतो असं दिलंय."

ही माझी चूक झाली. ते उठून उभे राहिले. "पुस्तक लिहिनारा कोकनात बसून लिहितो! पुस्तकात कॉमन, म्हंजे त्याला कुनी बगायचं न्हाय. मरू दे, कॉमनच हाय! हितला बेडूक कोकनात चालत जानार हाय व्हय? हितल्याला ही बारव म्हंजे सगळा देश हाय. ही गेली की हितला संपला. मग पुस्तकात कॉमनच राहनार तो."

खरं सांगते, छत्री धरलेला माझा हात अवघडला होता, तरी मी तो बदलला नाही. हा माणूस कुणाशी इतकं बोललेला मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "सर, हे तुम्ही मुलांना का सांगत नाही? येमूलला तरी सांगा. रोज पहारा देतो बिचारा."

"धोट्याला?" ते हसले. "त्याला बेडूक म्हटला की कापायचा ट्रे दिसतो. आन पोरांना सांगितलं की गर्दी हुती. छत्री नीट धरा, पानी गळतंय."

त्यानंतरच्याच वर्षी, बहात्तर साली, दुष्काळ पडला. पाऊस आलाच नाही म्हणायला हरकत नाही. नळाला पाणी येईना, पेठेतल्या विहिरी खरवडल्या गेल्या आणि सगळ्या बायका घागरी घेऊन बारवेवर आल्या. बारवेचं पाणी तळाला गेलं होतं, पण होतं. तसल्या दिवसांत करजगी सर काय करत, तर तांब्यानं पाणी उपसून भिंतीवर मारत. थोडाफार शिडकावा झाला होता तेवढ्यात दोन-तीन फेस भिंतीला लागले होते, ते वाळू नयेत म्हणून.

मी तिथं होते त्या दिवशी. अंबूबाई नावाची एक बाई त्या आळीत सगळ्यांची पुढारी होती, विडीच्या कारखान्यात कामाला जायची. तिनं घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "मास्तर, भिताडाला आंगुळ घालताय व्हय?"

"समजणार न्हाय तुमाला. अडानी बाया!"

"अडानी असू की. पर पोराच्या घशाला कोरड पडलीया ते समजतंय आमाला. तुमच्या बेडकाला पानी, आन आमच्या लेकरानी काय करावं? भिताड चाटावं?"

सरांनी तिला कानडीतून काहीतरी सुनावलं. तिनंही कानडीतूनच सव्याज परत केलं, आणि सगळ्या बायका हसल्या. मी अंबूबाईच्या बाजूची होते आणि आजही आहे. तहानलेल्या बायांसमोर भिंतीवर पाणी मारणारा माणूस, त्याचं कारण कितीही खरं असलं, तरी मला बघवत नव्हता. ते कारण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बायांनी ऐकलंही असतं. याचा पुरावा असा, की सर तणतणत निघून गेल्यावर अंबूबाईच बाकीच्यांना म्हणाली, "ते फेसाचं काय हाय ते खरडू नगा गं. खुळं हाय मास्तर, पर जीव लावून बसलंय." बायांनी भिंतीला हात लावला नाही. फेस मात्र वाळायचे ते वाळलेच.

थंडी सरली तोवर आसपासची सगळी ओल संपली होती. जे काही बेडूक जिवंत राहिले ते त्या बारवेच्या फटींत, एकमेकांना चिकटून, पाय पोटाशी घेऊन निपचित बसून होते. आणि कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती.

प्रत्येक मुलाला कापायला एक बेडूक लागायचा. होटगीच्या तळ्याकडचा मारुती नावाचा एक माणूस दर वर्षी ओल्या पोत्यात मोठे हिरवे बेडूक भरून आणून द्यायचा. त्या वर्षी तळंच आटलं होतं. तरी तो बिचारा कुठून कुठून उकरून काढलेले बारके बेडूक घेऊन आला. सरांनी पोत्यात डोकावलं आणि म्हणाले, "बेडकं आनलीस का चिंचोके? हे कापायला काय शिंप्याची सुई घिऊ?" मारुतीनं पोतं उचललं. "दुष्काळ मी न्हाय पाडला, सायेब," म्हणाला आणि गेला. पुन्हा त्यानं कॉलेजची पायरी चढली नाही.

प्राचार्य घाबरले. बेडूक नाहीत म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे मुलांचं वर्ष गेलं. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. मी पलीकडं हजेरीपटावर सही करत होते, त्यामुळं सगळं ऐकलं. सरांकडं उत्तर होतं, आणि चांगलं होतं. झुरळाचं विच्छेदनही अभ्यासक्रमात होतं. विद्यापीठाला कळवून त्या वर्षी बेडकाऐवजी झुरळ देता आलं असतं. पण ते सांगावं कसं? सर म्हणाले, "झुरळं द्या की पोरांना. लांब जायला नको, तुमच्या केबिनमदीच लई निगतील."

प्राचार्यांना वाटलं, हा माणूस आपली टिंगल करतोय. कुणालाही तेच वाटलं असतं. त्यांनी सरांना बाहेर जायला सांगितलं आणि येमूलला आत बोलावलं. "कुठूनही आणा," ते म्हणाले, "पण बेडूक आणा. मुलांचं वर्ष तुमच्या हातात आहे." सर त्या दिवसापासून प्राचार्यांशी बोलेनात आणि येमूलशीही बोलेनात. शेवटी झक मारून झुरळांवर येतील, अशा खात्रीत ते खोलीवर बसून राहिले, बारवेकडंही फिरकले नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी परीक्षक म्हणून बार्शीला गेले.

परत आले ती एसटीतून उतरून थेट कॉलेजात. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षा सुरू व्हायच्या बेतात होती आणि क्लोरोफॉर्मचा वास आमच्या भिंतीपर्यंत येत होता. मी दारात उभी राहिले. मेणाच्या ट्रेमध्ये, टेबला-टेबलावर, पोट वर करून, चार पाय टाचण्यांनी ताणून बेडूक लावलेले होते. हिरवे नव्हते. चुन्याच्या रंगाचे होते. मला कळायचं ते कळलं.

तेवढ्यात करजगी सर आले. इस्त्रीचा कोट घालून आले होते. ते पहिल्या टेबलाशी थांबले. सुईच्या टोकानं त्यांनी एका बेडकाचं बोट उचललं आणि त्या टोकाची गोल गादी पाहिली. मुलाला वाटलं तोंडी परीक्षा सुरू झाली. तो घाईघाईनं पुढच्या पायाची हाडं सांगू लागला. सरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग दुसरं टेबल, मग तिसरं. एकही टेबल त्यांनी सोडलं नाही.

बाहेरगावचे परीक्षक जवळ येऊन म्हणाले, "करजगीसाहेब, हा झाडावरचा आहे, नेहमीचा नव्हे. पण चालवून घेऊ. कॉमनच आहे."

येमूल कपाटाशी उभा होता. त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला इतका खुश कधी पाहिला नव्हता. "सर," तो म्हणाला, "तुम्ही एवढी वर्षं परीक्षेसाठी राखून ठेवले म्हणून निभावलं. नाहीतर मुलांचं काही खरं नव्हतं."

प्राणिशास्त्राचा प्राध्यापक बेडूक राखतो तो कशाला, तर कापायला! आमच्या कॉलेजात दुसरं काही कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. बेडूक म्हणजे ट्रे, हे त्याला सरांनीच शिकवलं होतं.

"सगळे?" सरांनी विचारलं.

"सगळे, सर. हलतच नव्हते. एकेका फटीत हात घालून काढले. दोन जास्तीचेही आहेत बरणीत."

"जिते?"

"नाही सर. क्लोरोफॉर्म दिला ना सगळ्यांना बरोबरच."

आता फुटेल, आता फुटेल म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो. मुलांनीही माना खाली घातल्या. सर म्हणाले, "परीक्षा चालू करा," आणि खुर्चीवर बसले. दिवसभर ते एकाही मुलाला टाकून बोलले नाहीत. संध्याकाळी सगळे ट्रे त्यांनी स्वतः नळावर आणून धुतले. मी तिथंच उभी होते. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, पण त्या माणसात शिरायला दारच नव्हतं. मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. वर्षानुवर्षं त्यांनी माणसं हाकलली. मारुतीला हाकललं, बायांना हाकललं, मला हाकललं, येमूलला तर जवळ ठेवून हाकललं. ज्यांनी ती बारव राखली असती त्या प्रत्येकाला त्यांनी आधी मूर्ख ठरवून टाकलं होतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हटलं, भोगा आता. आणि असं म्हटल्याचा मला आजही पश्चात्ताप वाटत नाही.

येमूलनं मला विचारलं, "मॅडम, सर का बोलत नाहीत?" मी त्याला सगळं सांगितलं. तो आमच्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून हुंदके देऊन रडला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सायकल काढून तो नातेवाइकांच्या गावांतल्या विहिरी धुंडाळत फिरायचा. एक-दोनदा डबा भरून बेडूक आणलेही, पण ते साधेच, पाणथळीतले. सरांनी डब्यात पाहिलं आणि डबा परत दिला. 'धोट्या' ही हाक बंद झाली होती. येमूलला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या पावसाळ्यात बारव वरच्या पायऱ्यांपर्यंत भरली. लोक पाण्याची खणानारळानं ओटी भरून गेले. भिंतीवर हंसराज मातला होता, मला हवा तेवढा. फेस मात्र कुठंच नव्हता. सर रोज संध्याकाळी जाऊन बसतात, एवढं कानावर येत होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आश्विनात, त्यांनी नोकरी सोडून दुधनीला जायच्या आदल्या दिवशी. येमूल मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बरोबर चला, मला एकट्याला धीर होत नाही." आम्ही बारवेवर गेलो. मागांची खडखड चालू होती. सर खालच्या पायरीवर बसून दाढीच्या छोट्या आरशानं मावळतीचं ऊन एकेका फटीत पाडत होते.

येमूल त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. "सर, मला शिव्या द्या," तो म्हणाला.

"शिव्या दिऊन काय हुतंय." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "सांगितलं न्हवतं मी तुला. आन तू इचारलं असतंस तर हाकलून दिलं असतं."

 मग येमूलनं नाक पुसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मग आता विचारतो, सर. कसे राहायचे ते इथं?"

मला वाटलं, आता उठतील आणि छत्री घालतील त्याच्या डोक्यात. त्यांनी आरसा खिशात घातला. "बस हितं," म्हणाले. "नीट ऐक, परत सांगनार न्हाय. मादी हितनं खाली उतरायची, ह्या दगडावर. हितं बग, हितं. ह्या कडंला फेस लावायची…"

भिंतीवर दाखवायला काही नव्हतं. करजगी सर बोटानं दगड दाखवत होते आणि येमूल मान हलवत, जिथं बोट जाईल तिथं बघत होता. मला ते बघवेना. मी पायऱ्या चढून घरी निघून आले.